बाहेर जाण्याची वेळ

ओतासिलियो ज्या दिवशी जंगलात गेला, त्याच दिवशी दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी तो सुखरूप बाहेर आला. तशी नोंद आहे. निळ्या शाईत आहे, खाडाखोड नाही, खाली मुलाची सही आहे. आता हे वाचलंत ते विसरून जा. असं काही झालेलं नाही. पुढचं सगळं ओतासिलियो बाहेर आलाच नाही असं धरून सांगायचं आहे, कारण वाल्देसिरला, म्हणजे सही करणाऱ्या त्या मुलाला, अकरा वर्षं तसंच धरून जगायची सवय झाली होती, आणि इतकी जुनी सवय एका सहीने जात नाही.

फोन आला तेव्हा वाल्देसिर ब्राझीलमधल्या मनाउस शहराच्या कारखानेवस्तीत चौदा नंबरच्या टेबलाशी बसून एअरकंडिशनरचे रिमोट तपासत होता. काम सोपं होतं. रिमोट उचलायचा, समोरच्या काळ्या डबीकडे धरायचा, बटण दाबायचं, डबीवर हिरवा दिवा लागला की रिमोट उजवीकडे, नाही लागला की डावीकडे. दिवसाला हजारभर वेळा तो थंडी मागवायचा आणि टेबलाशी घामाने भिजलेला असायचा, कारण त्या शेडमधला एअरकंडिशनर बंद होता आणि त्याचा रिमोट हरवला होता. हे काम त्याला आवडायचं. त्यात विचार करायला जागा नव्हती. फोन उचलला तेव्हाही त्याने एका हाताने बटण दाबणं चालूच ठेवलं.

"वाल्देसिर ना? मी इवानिल्दी. राखीव जंगलाच्या फाटकावरून. तुझ्या जुन्या खुर्चीवर बसते मी."

"माझ्या?"

"तीच रे, डावा पाय लंगडा असलेली. ऐक, तुझे वडील अजून आत आहेत."

दिवा लागला. वाल्देसिरने रिमोट डावीकडे ठेवला, मग उजवीकडे ठेवला, मग मांडीवर ठेवला. एक क्षण, फार तर दीड क्षण, त्याला म्हातारा अगदी स्पष्ट दिसला: झाडाला पाठ टेकून बसलेला, अकरा वर्षांची दाढी, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि चेहऱ्यावर 'किती वेळ लावलास' असा भाव. मग इवानिल्दी पुढे बोलली आणि म्हातारा गेला. फाटकावरची जुनी वही कॉम्प्युटरात चढवायचं काम चाललं होतं. सगळ्या नोंदी गेल्या, एक अडली. आत जाण्याची वेळ नऊ वीस. बाहेर जाण्याची वेळ, रिकामी. "आणि हा मेला कॉम्प्युटर," इवानिल्दी म्हणाली, "म्हणतो की आत गेलेला माणूस बाहेर काढल्याशिवाय मी पुढच्याला आत घेणार नाही. सोमवारपासून जंगल बंद आहे वाल्देसिर. तुझ्या वडिलांमुळे. काल एक लग्नाचं वऱ्हाड परत पाठवलं, फोटो काढायला आलं होतं. नवरी रडत होती. जवळच्या नातेवाइकाने येऊन सही केली तर चालेल म्हणतात. त्याच तारखेची, बंद व्हायच्या आतली वेळ टाकायची. पाच मिनिटांचं काम."

घरी आई मासा साफ करत होती. झुलेदी, वय चौऱ्याहत्तर, नवऱ्याबद्दल वर्तमानकाळात बोलणारी बाई. 'त्याला काटे काढता येत नाहीत,' ती म्हणे, 'त्याला कांदा चालत नाही.' शेजारपाजारचे सगळे भूतकाळात बोलत, आणि त्यांच्या भूतकाळात ओतासिलियो सान्तारें गावच्या एका बाईबरोबर होडीत बसून निघून गेलेला होता. बाई बंदरावर गरम सूप विकायची, आणि त्याच आठवड्यात तीही दिसेनाशी झाली होती. दोन माणसं एकाच आठवड्यात दिसेनाशी झाली की लोक त्यांचं लग्न लावून देतात, तसं हे लागलं होतं.

"कर सही," आई म्हणाली. खवले उडत होते, एक तिच्या भुवईला चिकटला होता.

"आई, सही केली म्हणजे ते जंगलातून बाहेर आले असं होतं."

"मग?"

"मग बाहेर येऊन घरी आले नाहीत, असं होतं. तुला टाकून गेले असं कायमचं लिहिलं जाईल. सरकारी."

"लिहू देत की." तिने माशाचं पोट फाडलं. "पळून गेलेला माणूस दोन वेळा जेवतो तरी. ती सान्तारेंची सुपात मीठ जास्त घालते. घालू दे. त्याच्या पोटात काहीतरी जातंय ना? तुला काय अडचण आहे रे? तुझा बाप जिवंत निघतोय, फुकटात निघतोय, आणि तू तोंड असं करून उभा आहेस जसं काही तुलाच आत जायचंय."

अडचण वाल्देसिरला सांगता आली नाही. अकरा वर्षं आली नव्हती. त्याने खवला आईच्या भुवईवरून काढला. अडचण एवढीच होती की सही केली तर आईचा नवरा जिवंत होणार होता आणि त्याच सहीने वाल्देसिरही सुटणार होता. आणि आपण सुटायचं नाही, हे त्याने कुणी न सांगता, कुठल्याही कोर्टात न जाता, स्वतःपुरतं ठरवून टाकलेलं होतं.

पाच मिनिटांचं काम गुरुवारी सकाळी सुरू झालं. शहराची शेवटची बस शेवटच्या थांब्यावर वळते, तिथे भिंतीच्या या बाजूला टायरचं दुकान आणि त्या बाजूला लगेच जंगल, मध्ये काही नाही, जसं कुणी दोन वेगळ्या पुस्तकांची पानं शिवून टाकावीत. इवानिल्दीने त्याला ओळखलं, खुर्चीचा पाय दाखवला, आणि मग पुढे आली ती गोष्ट जी फक्त कचेरीलाच सुचू शकते. बाहेर जाण्याची सही मागच्या फाटकावरच होते. मागच्या फाटकाला पायवाटेनेच जाता येतं, वाट एकेरी आहे. म्हणजे बाहेर जाण्याची सही करायला आधी आत गेलं पाहिजे.

"जंगल तर बंद आहे म्हणालीस."

"भेट देणाऱ्यांना बंद आहे. तू भेट द्यायला थोडाच आलायस? तू सही करायला आलायस. मी वही घेऊन मोटरसायकलने मागच्या बाजूला जाते. तू चालत ये. तीन किलोमीटर आहे. आणि हे बघ," तिने भिंतीवरच्या पत्र्याकडे बोट केलं, "नियम वाचून घे. वाचून घ्यायला सांगावं लागतं मला."

वाल्देसिरने वाचले नाहीत. पत्र्यावर दहा नियम होते आणि ते दहाही त्यानेच लिहिलेले होते.

आत गेल्यावर पहिली गेली ती ऊन नावाची गोष्ट. वर कुठेतरी ती असणार, पण खाली पोचेपर्यंत तिचं जुन्या बाटलीच्या काचेसारखं काहीतरी झालेलं होतं. मग अंगाला ओल लागली, आतून लागल्यासारखी. पानं कुजत होती आणि त्याच वेळी उगवत होती, आणि दोन्हींचा वास एकच होता. किंचाळ्या पक्षी कुठेतरी ओरडला, तीन सूर, शेवटचा उंच, हुबेहूब लांबून कुणी हाक मारावी तसा. शोध घेणाऱ्यांनी तेव्हा शिट्ट्या वाजवल्या होत्या आणि हे पक्षी दिवसभर त्यांना उत्तरं देत राहिले होते. अग्निशमन दलाचा एक जवान एका पक्ष्याच्या मागे दोन तास गेला होता, 'आलो, आलो, आहात तिथेच थांबा' असं ओरडत. वाल्देसिरला तेव्हा हसू आलं होतं. बापाला शोधताना हसू येतं हे त्याला आधी माहीत नव्हतं.

वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना ॲल्युमिनियमचे बिल्ले होते. ते बापाचे. तीस वर्षं ओतासिलियोने या जंगलातली झाडं ओळखून त्यांना नंबर ठोकले होते. शिकलेले लोक परदेशातून यायचे, मान वर करून पानांकडे बघायचे, पानं चाळीस मीटरवर. मग ओतासिलियो पुढे व्हायचा, सालीवर कोयत्याचा एक छोटा घाव घालायचा, नाक लावायचा आणि नाव सांगायचा. एका झाडाला लसणाचा वास, एकाला कंबरेच्या मलमाचा, एकाला, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, सासूच्या कपाटाचा. माणसंही तो तशीच ओळखायचा. वाल्देसिर सतरा वर्षांचा असताना त्याला एकदा जंगलात नेलं, दिवसभर फिरवलं, आणि संध्याकाळी त्याच्या मानेशी नाक नेऊन म्हणाला, "कागद. तुला कागदाचा वास येतो रे पोरा. काही हरकत नाही, कागदपण झाडाचाच. जा, फाटकावर बस." आणि स्वतः साहेबाच्या हातापाया पडून ती लंगडी खुर्ची मिळवून दिली. आता बरेचसे बिल्ले दिसेनासे झाले होते. झाडं वाढतात, साल चारही बाजूंनी बिल्ल्यावर येते, ओठ मिटावेत तशी. एका झाडाच्या तोंडातून फक्त चार हा आकडा बाहेर राहिला होता. चार हजार की चौऱ्याहत्तर, विचारायला कुणी नव्हतं.

वाल्देसिर वाटेने चालत होता आणि बाप वाटेने कधीच चालत नसे, हे त्याला प्रत्येक पावलाला जाणवत होतं. 'वाट पाहुण्यांसाठी,' बाप म्हणायचा. तो कुठूनही आत शिरायचा, आणि जाता जाता, बोलता बोलता, न बघता, गुडघ्याच्या उंचीची रोपं मोडत जायचा. पुरती तोडायची नाहीत. शेंडा वाकवायचा, आलेल्या दिशेला, म्हणजे पानाची पांढरी बाजू वर येते आणि हिरव्यात ती दिव्यासारखी दिसते. त्या शहरातला झाडं ओळखणारा प्रत्येक माणूस हे करतो. शाळेत शिकवत नाहीत, पोरं बापाच्या मागे चालून शिकतात. शेवटच्या वर्षांत, दोन्ही डोळ्यांत पडदे आल्यावर, ओतासिलियोला पांढरी बाजूही दिसत नव्हती; तो परतताना हात खाली सोडून चालायचा आणि वाकलेले शेंडे बोटांनी चाचपत यायचा, देवळात अंधारात भिंत धरून यावं तसा. निवृत्तीनंतरही दर गुरुवारी यायचा. तिकीट काढून. ज्या झाडांना त्याने नंबर दिले त्यांच्याकडे जायला त्याला आता स्वतःला नंबर घ्यावा लागायचा, आणि याची त्याला फार गंमत वाटायची. "माझा आज किती नंबर, साहेब?" फाटकावर मुलाला विचारायचा. "मला साल नाही रे, कुठे ठोकणार?"

आणि मग तो पत्रा. त्याचं काय झालं होतं, तर साहेबाला दहा नियम हवे होते. वाल्देसिरकडे आठ होते. प्लास्टिक नको, आग नको, कुत्री नकोत, असं करत करत आठावर गाडी थांबली. साहेब म्हणाले, आठ बरे दिसत नाहीत, दहा कर, दहा म्हणजे पक्कं वाटतं. वाल्देसिरने जेवणाच्या सुट्टीत पामच्या फळाचा गर भरलेला पाव खाता खाता दोन घातले. दहावा होता, मोठ्याने गाऊ नये. नववा होता, कुणीही कुठलंही रोप मोडू, वाकवू वा त्यावर खूण करू नये. पाव संपायच्या आत झालं. त्याला आठवतं, त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

पत्रा लागल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी बाप आला. मागे दातांच्या डॉक्टरांची एक बस उतरली होती, चाळीस दंतवैद्य, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. "वाचून दाखव, साहेब," बाप म्हणाला, "मला पत्रा दिसतो, अक्षरं दिसत नाहीत." वाल्देसिरने वाचले. नवव्याला बापाने मान तिरकी केली.

"मोडायचं नाही?"

"नाही बाबा."

"वाकवायचंपण नाही?"

"तसं लिहिलंय."

"मीसुद्धा?"

तेव्हा, त्या जागी, एक साधं वाक्य ठेवलेलं होतं. 'तुम्ही सोडून.' दोन शब्द. पण मागे चाळीस दंतवैद्य रांगेत, त्यातला एक घड्याळ बघत होता, आणि आतल्या खोलीचं दार उघडं, साहेब आत. आणि खरं सांगायचं तर यातलं काहीच नाही. खरं असं की आयुष्यात पहिल्यांदा जंगलाबद्दलची एक गोष्ट वाल्देसिर सांगत होता आणि बाप ऐकत होता. "नियम सगळ्यांना सारखा, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही मोडलंत तर मी बाकीच्यांना काय सांगू?"

बाप हसला. अभिमानाने हसला, हे सगळ्यात वाईट. मागे वळून दंतवैद्यांना म्हणाला, "माझा मुलगा आहे बरं का. नियम त्याने लिहिलाय." आणि दोन्ही हात मागे बांधून, जसं काही दुकानात काचेच्या वस्तूंमधून चाललाय, तसा आत गेला.

तीन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी दुपारी बेने, बापाबरोबर तीस वर्षं झाडं हुंगलेला म्हातारा, चिखलाने भरलेला बाहेर आला आणि खाली बसला. "तो आत नाही," बेने म्हणाला. "ओतासिलियो लघवीला गेला तरी दोन रोपं वाकवून जातो. आम्ही नाल्यापर्यंत पालथं घातलं, एक शेंडा वाकलेला नाही. एक नाही. हा माणूस आत शिरलाच नाही, वाटेने सरळ चालत, सही न करता मागच्या फाटकातून गेला असणार. घरी विचारा, काही भांडण-बिंडण?" सगळ्यांनी माना डोलावल्या. बेनेपेक्षा जास्त कुणाला कळणार? तेवढ्यात कुणाला तरी सुपाची बाई आठवली. जवानांनी दोऱ्या गुंडाळल्या. आणि वाल्देसिर तिथेच उभा होता, बेनेपासून तीन हातांवर, हातात सगळ्यांसाठी आणलेल्या कॉफीचा थर्मास घेऊन. बेनेला सांगायला पुन्हा एकच वाक्य होतं: मी त्यांना वाकवू नका म्हणालो होतो. पुन्हा ते ठेवलेलं होतं, हाताशी. तिसऱ्या दिवशी माणूस जिवंत असतो. आत पाणी असतं, फळं पडलेली असतात, थंडी नसते. वाल्देसिर म्हणाला, "कॉफी घेणार का अजून?"

पायवाटेच्या एका वळणाला तो थांबला. खास काही जागा नव्हती, सगळ्या जागा तशाच होत्या. त्याने वाट सोडली आणि आत पावलं टाकली. वीस मोजली. हात मागे बांधलेले होते हे नंतर त्याच्या लक्षात आलं. विसाव्याला तो वळला आणि वाट नव्हती. वाट दिसत नव्हती असं नाही. नव्हतीच, कधी नसल्यासारखी, तिच्या जागी बाकी सगळीकडे होतं तेच होतं. तो एका बाजूला दहा पावलं गेला, परत आला, पण जिथे परत आला ती जागा निघाला तेव्हाची नव्हती. पक्ष्याने हाक मारली आणि त्याचे पाय आपोआप तिकडे वळले. छातीत रिमोटचं बटण कुणीतरी दाबत असल्यासारखं होऊ लागलं, दाब, सोड, दाब, सोड, आणि दिवा लागत नव्हता. त्याच्या गुडघ्याशी एक रोप होतं. बोटाएवढं जाड, मऊ. त्याने हात सोडवला, शेंडा धरला, आणि कितीतरी वेळ धरूनच उभा राहिला. मग वाकवला. कट् असा बारीक आवाज झाला, पानाची पांढरी बाजू वर आली, आणि इतकं सोपं होतं ते, इतकं लाजिरवाणं सोपं, की तो मोठ्याने काहीतरी बोलला. त्या रोपाला धरून त्याने एक दिशा बघितली, चुकली, परत रोपापाशी आला, दुसरी बघितली. चौथ्या रोपाला वाट पायाखाली आली. चार. ज्याच्या अंगाला कागदाचा वास येतो त्या माणसाला चार रोपांत बाहेर येता आलं. बापाला, आंधळ्याला, नाल्यापलीकडून यायला समजा चाळीस लागली असती. पन्नास धरा. बांधलेल्या हातांनी तो तिथे अशा किती पन्नास रोपांसमोरून तसाच गेला असेल? हाताला लागत असतील ती, गुडघ्यांना घासत असतील. आणि तरी वाकवली नाहीत, कारण मुलाने लिहिलं होतं.

मागच्या फाटकावर इवानिल्दी मोटरसायकलच्या सीटवर वही उघडून बसली होती. "तीन किलोमीटरला अडीच तास? आत झोपलास का? पँट बघ तुझी." तिने ओळ दाखवली. बापाचं नाव, खाली वाल्देसिरचंच अकरा वर्षांपूर्वीचं नीटनेटकं अक्षर, नऊ वीस. वाल्देसिरने पेन घेतलं. त्याला आई दिसली, भुवईवर खवला असलेली, आणि सान्तारेंच्या कुठल्या तरी ओट्यावर जास्त मिठाचं सूप पिणारा म्हातारा दिसला, तोंड वाकडं करून पिणारा, पण पिणारा. त्याने तीन पन्नास लिहिलं आणि सही केली. इवानिल्दीने मोबाइलवर आकडे चढवले आणि मोबाइल टुणकन वाजला. "सुटलो बाई," ती म्हणाली. "निघाले तुझे बाबा. जंगल उघडलं." मग पुन्हा खाली बघून, "थांब थांब, जाऊ नको. शेवटचा रकाना. भेट देणाऱ्यांच्या सूचना. हाही रिकामा घेत नाही तो. लिही काहीतरी, सगळे लिहितात. 'छान वाटलं,' 'बाकं वाढवा.'"

"काहीही?"

"काहीही रे. वाचतंय कोण?"

वाल्देसिर मोटरसायकलच्या सीटवर वही टेकवून बराच वेळ लिहीत होता. रकाना पुरला नाही, म्हणून समासात गेला, समास संपल्यावर वही फिरवून कडेने लिहिलं. अक्षर मात्र पहिल्यासारखंच होतं, नीटनेटकं, कचेरीतलं:

'मा. संचालक यांस. विषय: नियम क्रमांक नऊमधून सूट मिळणेबाबत. महोदय, आपल्या राखीव जंगलास भेट देणारे श्री. ओतासिलियो यांना रोपे वाकवण्याची परवानगी देण्यात यावी, ही विनंती. रोपांची संख्या पन्नासपर्यंत ग्राह्य धरावी; अधिक लागल्यास अधिक. सदर परवानगी ते ज्या दिवशी आत गेले त्या दिवशी सकाळी नऊ वीसपासून लागू समजावी. तसेच परवानगी मिळाल्याचे त्यांना पत्राने न कळवता, त्यांना अक्षरे दिसत नसल्यामुळे, कोणीतरी आत जाऊन, ते असतील तेथे, मोठ्याने वाचून दाखवावे. आपला विश्वासू.'